नैवेद्याआधीची गोळी

काकूंइतकं नीटनेटकं खोटं बोलणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. आपण खोटं बोलतो तेव्हा भारंभार बोलतो, शपथा घेतो, नको त्या माणसांना साक्षीला काढतो. काकूंचं तसं नव्हतं. "खोटं थोडकं असावं गो, आणि रोज तेच असावं," असं त्या मला पहिल्याच महिन्यात म्हणाल्या. मी नोकरीत नवी होते. लोकांनी औषधाबद्दल खरं सांगावं, यासाठीच मला पगार मिळत होता. काकूंचं हे वाक्य फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मला कळेना.

आमचं काम साधं होतं. एचआयव्हीची गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यावी लागते. घेतली तर विषाणू दबून राहतो आणि माणूस चारचौघांसारखा जगतो. खाडे केले की तो पुन्हा डोकं वर काढतो. आपल्या किनाऱ्यावरची माणसं ही गोळी खरोखर किती नेमानं घेतात, आणि घेतलेलं औषध अंगात किती उतरतं, याचा अभ्यास एका औषध केंद्रात चालला होता आणि मी तिथं समुपदेशक होते. केंद्र कुठल्या गावात होतं ते सांगत नाही. तिथं येणारी निम्मी माणसं आपलं जवळचं केंद्र सोडून लांबून येत, ती केवळ तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं म्हणून. न्हावा शेव्याकडचे लोक आमच्याकडे येत आणि आमच्या गावातले तिकडे जात. वाटेत कुठंतरी त्यांच्या एसट्या एकमेकींना ओलांडत असणार.

काकू हरिहरेश्वरच्या. देवळाच्या रस्त्यावर त्यांचं घर, मागं नारळ-सुपारीची वाडी, पुढच्या पडवीत घरगुती खानावळ आणि यात्रेकरूंसाठी दोन खोल्या. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. गावाला कावीळ सांगितलेली. आजार नवऱ्याकडून आपल्याकडं आलाय, हे काकूंना त्याच्या तेराव्यानंतर कळलं. घरात त्या आणि सासूबाई, दोघीच. दीर पनवेलला नोकरीला होता, सणासुदीला येणारा. काकू उंच, शिडशिडीत, कायम सुती पातळात, अंबाडा असा घट्ट की बघणाऱ्याचंच डोकं दुखावं. अभ्यासात आम्ही नावं वापरत नसू, प्रत्येकाला नंबर असे. "नंबरानं हाक मारू नकोस हो," त्या म्हणाल्या, "रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखं वाटतं. काकू म्हण. काकू गावात शंभर आहेत."

महिन्यातून एकदा त्या सकाळच्या एसटीनं माणगावला उतरायच्या आणि तिथून दुसरी गाडी पकडून आमच्याकडे यायच्या. घरी सांगितलेलं असायचं, माणगावच्या बाजाराला जाते. परतीच्या वाटेवर त्या बाजार करायच्याच. मिरच्या, धणे, पोह्याचे पापड, सगळं पिशवीभर. "खोट्यात थोडं खरं घातलं की ते टिकतं," म्हणायच्या. मी हसले की त्या मात्र हसायच्या नाहीत.

गोळ्या घरात कुठं ठेवता, हा आमच्या फॉर्ममधला सातवा प्रश्न. लोक तांदळाच्या डब्यात ठेवतात, गादीखाली ठेवतात, एकानं तर होडीत ठेवल्या होत्या. काकू म्हणाल्या, "फळीवर. सगळ्यांसमोर. लपवलेलं सापडतं, समोर ठेवलेलं कुणी बघत नाही." मला हे उत्तर इतकं आवडलं की मी ते शब्द न् शब्द उतरवून घेतलं आणि पुढं काहीही विचारलं नाही. नव्या औषधाची बाटली हातात पडली की त्या तिथल्या तिथं गोळ्या एका पुडीत ओतून घेत आणि रिकामी बाटली आमच्याच टेबलावर ठेवून जात. मग घरी त्या गोळ्या कुठल्या बाटलीत जातात, एवढा एक प्रश्न मला सुचायला हवा होता. पण मी हुशार होते ना, त्यामुळे सुचला नाही.

पुढच्या खेपेला उरलेल्या गोळ्या मोजणं हेही माझंच काम. काकू अठ्ठाविसाव्या दिवशी येत आणि सुपारीच्या पितळी डबीतून तीसातल्या उरलेल्या दोन गोळ्या काढून माझ्यापुढं ठेवत. दर वेळी दोनच. तीन नाहीत, एक नाही. इतर कुणाच्या कधी पाच उरत, कधी काहीच उरत नसे, मग त्यांची उलटतपासणी सुरू होई. काकूंच्या वेळी मी मोजायचं नाटक करायचे. इतर औषधं काही? मी विचारायचे. नाही, त्या म्हणायच्या. पुढंपुढं तर मी विचारण्याआधीच 'नाही'वर खूण करून टाकायला लागले.

नियमाप्रमाणं आम्ही कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं. पण दुसऱ्या का तिसऱ्या खेपेला काकूंनी केळीच्या पानात बांधलेली घावनं आणि ओल्या खोबऱ्याची चटणी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, "खाऊन बघ. नको असेल तर नको." नंतर लक्षात आलं, मी पहिला घास तोंडात घालेपर्यंत त्यांनी माझ्या तोंडावरची नजर हलवली नव्हती. जेवणातून हा आजार पसरत नाही, हे मी दिवसातून दहा वेळा सांगायचे. काकूंनाही ते पाठ होतं. पण आजार ठाऊक असूनही त्यांच्या हातचं खाणारं माणूस त्यांना तोवर भेटलं नव्हतं. मी पाचही घावनं संपवली. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, घावनं तशी होतीच.

अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी केसांचे नमुने घ्यायचं ठरलं. औषध रक्तातून केसांत उतरतं, त्यामुळं मानेजवळचे चिमूटभर केस तपासले की मागच्या काही महिन्यांत अंगात औषध किती गेलं ते कळतं. गोळ्या मोजून माणसाचं म्हणणं कळतं, केसांतून शरीराचं. काकू म्हणाल्या, "घे बाई. पण अंबाड्याखाली लपतील असे घे. केस का कापले, याचं खोटं माझ्याकडं तयार नाही."

महिन्याभरानं अहवाल आले. काकूंच्या केसांत औषध असायला हवं त्याच्या निम्म्याहून कमी. त्याच सुमाराचा रक्ताचा अहवालही बिघडलेला, बारा वर्षं दबलेला विषाणू वर आलेला. डॉक्टर माणूस सज्जन, पण कागदावर विश्वास ठेवणारा. ते म्हणाले, "ही बाई गोळ्या घेत नाही. रोज एक काढते आणि टाकून देते. तुम्ही तिच्याकडून कबूल करून घ्या." वर असंही म्हणाले, की तीन महिन्यांत सुधारणा नसेल तर औषध बदलावं लागेल, आणि त्यासाठी मुंबईच्या मोठ्या केंद्रात पाठवावं लागेल. आधी चार दिवस राहायचं, मग दर महिन्याला खेप.

मी काकूंना समोर बसवून विचारलं. गोडीनं विचारलं, दरडावून विचारलं, शेवटी कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "मी रोज सातला घेते." मी म्हटलं, "काकू, केस खोटं बोलत नाहीत." असलं वाक्य मी त्या बाईला ऐकवलं! त्यांचा चेहरा असा झाला की मला तो आजही आठवायला नको वाटतो.

"मी सगळ्यांशी खोटं बोलते," त्या म्हणाल्या. "सासूबाईंशी, भाऊजींशी, शेजारणीशी, देवळातल्या गुरुजींशी. एक तुझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही बोलायला लागले, तर मी जायचं कुठं?"

मग मी त्यांना मुंबईचं सांगितलं. दर महिन्याला मुंबईला कशाला, हे गावाला सांगायला त्यांच्याकडं काहीच नव्हतं. माणगावचा बाजार बारा वर्षं पुरला होता, मुंबईचा पुरला नसता. ते केंद्र ज्या इस्पितळात होतं, तिथंच शेजारच्या बाईचा मुलगा नोकरीला होता. एकाला कळलं की सगळ्या गावाला कळणार आणि मग त्या पडवीत पानं कुणासाठी मांडायची? "माझ्या हातचं कोण जेवेल गो?" एवढंच त्या म्हणाल्या. नाही गेले तर आजारानं मरणार आणि गेले तर लोक मारणार, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते दिसत होतं, आणि तरी मी त्यांच्या फाइलवर 'माहिती विश्वासार्ह नाही' असं लिहिलं.

आमच्याकडं फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. काकू गेल्यावर त्या बादली ठेवून मला म्हणाल्या, "बाय, ती खोटी न्हाय. खोटं बोलनारं मानूस गोळ्या मोजताना तुझ्या हाताकडं बघतं. ही कवा बघत न्हाय." मी तेव्हा त्यांना म्हटलं, तुमचं काम करा.

पण ते वाक्य रुतून बसलं. पुढच्या शनिवारी मी आईला म्हटलं, चल, तुला हरिहरेश्वरला दर्शनाला नेते. आई बिचारी हरखली. खरं म्हणजे मी हेरगिरी करायला निघाले होते. काकूंच्याच घरात खोली घेतली. दारात मला बघून त्यांची पापणीही हलली नाही. "कुठून आलात? दोघीच का? जेवण शाकाहारी असतं हो," सगळं कसं परक्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची नाही, हा नियम आम्हीच त्यांना शिकवलेला. रात्री त्यांनी आम्हाला बिरड्याची उसळ आणि सोलकढी वाढली. आई वाहवा करत जेवत होती आणि मी पानातून मान वर करत नव्हते.

सकाळी सातच्या सुमारास मी मागच्या पडवीत दात घासत उभी होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सासूबाई आणि काकू शेजारी शेजारी बसल्या होत्या. पुढ्यात पाण्याचे दोन पेले आणि दोन बाटल्या. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, वर्षभरापूर्वी विहिरीशी घसरून खुबा मोडलेला, तोंड मात्र शाबूत. माझी आई तिथंच गप्पा मारत उभी होती. तिला त्या सांगत होत्या, "आम्ही दोघी कॅल्शियमवाल्या. ही कैक वर्षांपासून घेते, मला पडल्यापासून डॉक्टरनं लिहून दिलं. म्हटलं, एकटीनं गोळी घ्यायची म्हणजे रोग झाल्यासारखं वाटतं. दोघी मिळून घेऊ. हिची गोळी साधी हो, कुठली कोण जाणे. म्हणून माझ्यातली एक मी हिला रोज देते. हाडं तिचीही टिकायला हवीत ना, मला तीच तर उचलते." आणि त्यांनी आपल्या बाटलीतली जाडजूड गोळी काकूंच्या तळहातावर ठेवली. काकूंच्या बाटलीवरही कॅल्शियमचीच चिठ्ठी होती. आत काय होतं ते त्या घरात दोघींनाच माहीत होतं, काकूंना आणि मला. काकूंनी दोन्ही गोळ्या एकदम पाण्याबरोबर घेतल्या.

"चहा?" आईनं विचारलं. "छे हो," सासूबाई म्हणाल्या, "देवाला नैवेद्य झाल्याखेरीज आम्ही तोंडात काही घालत नाही. गोळी तेवढी चालते. साठ वर्षांचा नेम आहे माझा, हीही पाळते."

मी तोंड तसंच फेसाळलेलं ठेवून वाडीत गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. पाहिलेलं सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "रिकाम्या पोटी कॅल्शियमबरोबर? अहो, ते औषधाला धरून ठेवतं, रक्तात उतरूच देत नाही. बाई रोज गोळी घेत होती." आणि पुढं म्हणाले, "आपण तिला विचारलं नव्हतं का?" विचारलं होतं. इतर औषधं काही? नाही. काकूंच्या लेखी, आणि त्या किनाऱ्यावरच्या सगळ्याच बायकांच्या लेखी, कॅल्शियम हे औषध नव्हे. ती ताकदीची गोळी. आणि खूण मीच करून टाकली होती.

पुढच्या खेपेला काकू आल्या त्या डबी न काढताच बसल्या. "पारख करून झाली माझी?" म्हणाल्या. मी माफी मागितली. डॉक्टरही बाहेर येऊन उभे राहिले, त्यांनीही मागितली. काकूंना माफीत रस नव्हता. कॅल्शियमचं ऐकून आधी त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता पदर डोळ्यांना लागला. "म्हणजे मी मरत होते ती सासूबाईंच्या मायेनं म्हण की," त्या म्हणाल्या.

वाटा तीन होत्या आणि तिन्ही अडलेल्या. सासूबाईंची गोळी नाकारायची, तर का नाकारते ते सांगावं लागणार. आपली गोळी दुपारी घ्यायची, तर पडवीत पंगत बसलेली आणि सातची जोडीदारीण शंका काढणार. तिसरी वाट, काहीतरी खाऊन मग दोन्ही गोळ्या घ्यायच्या. पोटात अन्न असलं की कॅल्शियम आड येत नाही. पण मग नैवेद्याआधी खाणं आलं. काकू डोळे मिटून बसल्या आणि शेवटी म्हणाल्या, "देवाला काय ते मी समजावीन. सासूबाईंना समजावणं कठीण."

महिन्यानं त्या आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आतच रडायला लागल्या. त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, की डॉक्टरनं काहीतरी खाऊन गोळी घ्यायला सांगितलीय. सासूबाईंनी आधी देवघराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरनं सांगितलं तर खाल्लंच पाहिजे. पण देवाआधी तू एकटी खाणार आणि पाप एकटीच्या माथी घेणार, हे मला पटत नाही. दोघींसाठी भाकरी आण." आणि त्या म्हातारीनं, जिनं साठ वर्षं, बाळंतपणातसुद्धा, नैवेद्याआधी घास घेतला नव्हता, तिनं सुनेच्या बरोबरीनं भाकरी खाल्ली. "माझ्या खोट्यासाठी गो," काकू म्हणत होत्या, "माझ्या खोट्यासाठी मोडला त्यांनी नेम. मला त्याच वेळी सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलंही. तर म्हणाल्या, बोलू नको, ठसका लागेल."

तीन महिन्यांनी अहवाल आले, केसांचे आणि रक्ताचे, दोन्ही चांगले. मुंबई टळली. मी फाइलवरचं ते वाक्य खोडलं आणि बाजूला सही केली. तेव्हापासून मी कुणालाही 'इतर औषधं काही?' असं विचारत नाही. सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात घालता, कुणाबरोबर बसून घालता, ते सगळं सांगा, असं विचारते. लोक कंटाळतात. मी कंटाळत नाही.

अभ्यास संपला तेव्हा माझी दुसरीकडं नेमणूक झाली. काकूंची शेवटची खेप होती त्याच्या पंधराएक दिवस आधी सासूबाई गेल्या होत्या. मी काकूंना सोडायला एसटी स्टँडवर गेले, नियम मोडूनच. बाकावर बसून त्यांनी मला दहाव्याची गोष्ट सांगितली.

समुद्राकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. भाऊजींनी सांगून पाहिलं, वाडी विकणार नाही. कावळा खडकावर बसलेला. तुळशीला नवं वृंदावन बांधू. तरी नाही. तास झाला. मग काकू म्हणाल्या, मी बोलते. पुढं गेल्या आणि हळू आवाजात बोलल्या. वाऱ्यात मागच्यांना काही ऐकू गेलं नाही. "सगळं सांगितलं गो. म्हटलं, आई, मला हा आजार आहे, तुमच्या लेकाकडून आला, ती गोळी कॅल्शियमची नव्हती. इतकी वर्षं मी तुम्हाला फसवलं. आता राग धरू नका." त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. "मेला कावळा जागचा हलला नाही."

"मग?"

"मग भाऊजी म्हणाले, आई, वहिनीला एकटं ठेवणार नाही, आम्ही दोघं इथंच राहायला येतो. की लगेच झेप घेतली त्यानं." काकूंनी माझ्याकडं बघितलं. "माझ्या खऱ्याखोट्याचं त्यांना काही नव्हतंच. मी एकटी जेवू नये, एवढंच अडलं होतं."

म्हणजे पुढच्या आठवड्यात दीर-जाऊ कायमचे येणार होते. पुन्हा फळी, पुन्हा बाटली, पुन्हा सकाळचे सात. मी म्हटलं, "काकू, आता पुरे. जावेला सांगून टाका."

एसटी लागली. काकूंनी पिशवी उचलली, पायरीवर चढल्या आणि वळून म्हणाल्या, "सांगणार आहे. पण आत्ता नाही. आधी वर्षभर माझ्या हातचं जेवू दे तिला."